कुंपण आणि शेत

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस, सांगलीस माझ्या घरीं, एक जुने परिचित गृहस्थ संध्याकाळचे आले. चहा झाला, कृष्णेचें पाणी यंदा कोठवर चढलें याविषयीं बोलणें झालें, आणि मग त्यांनीं पिशवींतून एक टंकलिखित कागद काढून माझ्यापुढें ठेवला. त्यांच्या नात्यांतील एका बाईंवर खटला चालून त्या दोषी ठरल्या होत्या. बाई साताऱ्याकडच्या, वय साठीच्या घरांत. वारलेल्या चुलत दिराची मुलगी त्यांनीं पांचव्या वर्षापासून आपल्या घरीं सांभाळली होती. त्या मुलीच्या दंडावर व मांडीवर डाग दिल्याच्या खुणा शाळेंतील एका शिक्षिकेच्या दृष्टीस पडल्या, आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. आतां शिक्षा किती द्यावी याविषयीं न्यायाधीश दोन्ही बाजूंचें म्हणणें ऐकणार होते, आणि बाईंच्या सुस्वभावाबद्दल चार प्रतिष्ठितांचीं पत्रें त्या वेळीं दाखल करावीं असा वकिलांचा सल्ला होता. ‘बाईंनीं त्या पोरीला पोटच्या मुलीप्रमाणें वाढविलें; रागाच्या भरांत एखादे वेळीं हात सुटला असेल; त्यांच्या वयाकडे व त्यांनीं केलेल्या उपकाराकडे पाहून दया व्हावी,’ असा मजकूर होता. सही तेवढी माझी हवी होती.

मी सही केली नाहीं. पण नकारही दिला नाहीं. ‘दोन दिवस द्या,’ एवढेंच म्हणालों. जवळजवळ तीस वर्षें महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला एका सहीसाठीं दोन दिवस लागावेत ही गोष्ट कांहीं भूषणावह नाहीं. परंतु कांट आणि मिल यांचीं मतें परीक्षेपुरतीं सांगणें निराळें, आणि समोर बसलेल्या, आपल्या घरचा चहा घेतलेल्या माणसाला उत्तर देणें निराळें. त्या दोन दिवसांत व पुढें बरेच दिवस जें मनांत घोळत राहिलें तें येथें मांडीत आहें.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षेविषयीं बोलण्याची संधि द्यावी, यांत मला गैर कांहींच दिसत नाहीं. १८९८ च्या जुन्या संहितेंत अशी स्वतंत्र सुनावणी नव्हती. ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें आणली, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या संहितेनेंही ती कायम ठेवली. गुन्हा एकाच नांवाचा असला तरी गुन्हेगार एका मापाचे नसतात. कोणी भुकेनें चोरतो, कोणी चैनीसाठीं. कोणाला पश्चात्ताप होतो, कोणाला पकडलें गेल्याचेंच काय तें दुःख होतें. हा भेद पाहण्यासाठीं न्यायाधीशानें क्षणभर थांबावें, आरोपीचें पूर्वायुष्य, त्याचें वय, त्याच्यावर अवलंबून असलेलीं माणसें यांचा विचार करावा, हें सुधारलेल्या समाजाला शोभणारेंच आहे. तेव्हां त्या बाईंच्या वतीनें कोणीं बोलूं नये असें माझें म्हणणें नव्हतें. मला खटकला तो पत्रांतील एकच शब्द : उपकार.

या शब्दामागें एक हिशेब आहे. बाईंनीं मुलीला सात वर्षें खाऊं घातलें, कपडे केले, शाळेंत घातलें. ही जमेची बाजू. अमुक वेळां चटके दिले, ही खर्चाची. वजाबाकी केली तर शिल्लक बाईंच्या नांवें भरपूर उरते, आणि मग शिक्षा अगदींच नाममात्र व्हावी असें ओघानेंच येतें. हा हिशेब आपण सगळेच कधींना कधीं करतों, म्हणून तो पटकन् पटतो. पण त्यांत एक चूक आहे, आणि ती बेरजेची नसून वहीची आहे. सांभाळणें आणि छळणें हीं येथें दोन निरनिराळ्या माणसांशीं केलेल्या व्यवहारांचीं कलमें नव्हेत. पहिल्यामुळें दुसरें शक्य झालें. ज्या घरानें मुलीला आसरा दिला त्याच घराच्या भिंतींनीं तिचा आवाज बाहेर जाऊं दिला नाहीं. ज्या हातानें तिला भाकरी वाढली त्याच हाताविरुद्ध बोलायचें तर संध्याकाळची भाकरी कोण वाढणार, हा प्रश्न तिला मोठ्या माणसाहून अधिक स्पष्ट दिसत असला पाहिजे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसानें तिला चटका दिला असता तर ती ओरडत घरीं पळाली असती. येथें पळून जायचें तें घरच चटका देणारें होतें. म्हणजे ज्याला पत्र ‘उपकार’ म्हणतें तो, या एका बाबतींत, गुन्ह्याचें साधन झाला होता. आणि साधनाबद्दल कोणी सूट मागत नाहीं.

आपल्या भाषेनें हें फार पूर्वींच ओळखलें आहे. ‘कुंपणानेंच शेत खाल्लें’ असें आपण म्हणतों. गुरांनीं शेत खाल्लें तर तें नुकसान होय. कुंपणानें खाल्लें तर तो निराळाच प्रकार होय, कारण कुंपण आहे या भरंवशावर मालक रात्रीं निजलेला असतो.

आणि कायद्यालाही हें ठाऊक नाहीं असें नाहीं. मात्र तें त्याला कोठें ठाऊक आहे हें पाहूं लागलें म्हणजे मौज वाटते. मौज हा शब्द बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाहीं. १८६० च्या दंडसंहितेंत फौजदारी विश्वासघाताचीं कलमें आहेत. दुसऱ्याची वस्तु विश्वासानें आपल्याकडे असतां जो ती गिळंकृत करतो त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास. तोच माल नेणारा किंवा वखार सांभाळणारा असेल तर सात वर्षांपर्यंत. कारकून वा नोकर असेल तरी सात. आणि सरकारी नोकर, पेढीवाला किंवा अडत्या असेल तर दहा वर्षांपर्यंत अथवा थेट जन्मठेप. विश्वास जितका मोठा तितकी शिक्षा कडक, अशी ही चढती श्रेणी आहे, आणि ती मला अत्यंत न्याय्य वाटते. २०२३ च्या नव्या न्यायसंहितेनें ती तशीच ठेवून पहिली पायरी तीनाऐवजीं पांच वर्षांची केली. आतां पोरांकडे वळूं. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ७५ व्या कलमाप्रमाणें, ज्याच्या ताब्यांत मूल आहे त्यानें त्याला मारहाण केली, टाकून दिलें, छळलें किंवा बुद्ध्या हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. मुलांच्या संगोपनासाठीं असलेल्या संस्थेच्या चालकानें वा नोकरानें तेंच केलें तर पांच वर्षांपर्यंत सश्रम कारावास व पांच लाखांपर्यंत दंड. मूल त्यामुळें अपंग झालें, वेडें झालें, किंवा त्याच्या जिवास धोका पोहोंचला, तरच मजल दहा वर्षांपर्यंत जाते.

याचा अर्थ असा कीं, वखारवाल्यानें आपल्याकडे ठेवलेलीं ज्वारीचीं पोतीं विकून खाल्लीं तर त्याला सात वर्षें होऊं शकतात, आणि अनाथाश्रमाच्या व्यवस्थापकानें आपल्याकडे ठेवलेलें मूल उपाशी मारलें तर पांच. शेजाऱ्यानें विश्वासानें दिलेली सायकल परस्पर विकणाराला पांच, आणि विश्वासानें दिलेल्या पोरीला डागणाऱ्या काकूला तीन. दुखापतीचीं कलमें निराळीं लागतात, त्यांनीं हा आंकडा वाढूंही शकतो, हें मला मान्य आहे. परंतु तीं कलमें दुखापतीची शिक्षा देतात, विश्वासघाताची नव्हे. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानें न्यायालयानें नेमलेल्या पालकाचें पाल्याशीं नातें विश्वस्ताचें आहे असें स्पष्ट म्हटलें आहे. पण त्या कायद्याच्या मनांत मुख्यतः पाल्याची इस्टेट होती. मुलाची जमीन सांभाळणारा विश्वस्त. मुलाला सांभाळणारा मात्र उपकारकर्ता! हा विपर्यास कायद्यांत आला तो आपल्याच मनांतून आला, असें मला वाटतें.

हें सर्व मी माझ्या एका वकील मित्रांना दुसऱ्या दिवशीं बोलून दाखविलें. ते हंसले. म्हणाले, ‘तुमचा युक्तिवाद ऐकायला बरा. पण परक्याचें पोर घरांत घेण्याचें कायद्यानें कोणावर बंधन नाहीं. घेणाऱ्याला जर तुम्ही न घेणाऱ्याहून अधिक धोक्यांत घालाल, तर उद्यां कोणी अनाथाला दारांत उभें करणार नाहीं. ज्या नातेवाइकांनीं त्या पोरीकडे ढुंकून पाहिलें नाहीं ते आज निर्दोष, आणि जिनें घेतलें ती तुरुंगांत. हा कोणता न्याय?’

या आक्षेपाला वजन आहे, आणि आपल्या भागांत तर विशेषच आहे. माण-खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी टापूंतून आईबाप कामासाठीं बाहेर पडतात. ऊसतोडीच्या हंगामांत बीडकडचीं बिऱ्हाडें आपल्या कारखान्यांवर येतात आणि मागें पोरें आजीच्या, चुलत्याच्या, नाहींतर वसतिगृहाच्या हवालीं करून येतात. २०२० व २०२१ च्या साथींत आई आणि बाप दोघेही गेलेलीं मुलें मामा-काकांनींच पदराखालीं घेतलीं. सरकारच्या बालसंगोपन योजना आहेत, पण त्याही अखेर कोणाच्या तरी चुलीवर अवलंबून आहेत. हीं चूल पेटवणारीं माणसें भिऊन मागें हटलीं तर कायद्याचें पुस्तक मुलांना जेवूं घालणार नाहीं.

तरीही मित्रांच्या म्हणण्यांत एक गफलत आहे. मूल घरांत घ्यावें कीं न घ्यावें याबाबत मनुष्य स्वतंत्र आहे हें खरें. पण घेतल्यावर तो तसा स्वतंत्र राहत नाहीं. नावाडी कोणाला नावेंत घ्यायला बांधलेला नसतो. पण घेतलेल्या उतारूला मध्यप्रवाहांत ढकलून देऊन ‘मी याला घेतलें नसतें तर हा अलीकडच्या कांठावरच राहिला असता,’ असें त्याला म्हणतां येत नाहीं. आणि ज्यांनीं तिला घेतलें नाहीं ते निर्दोष आहेत असें तरी मी कोठें म्हणतों? त्यांचा दोष न्यायालयाच्या कक्षेंतला नाहीं, एवढेंच. शिवाय ज्या भल्या माणसांची मित्रांना काळजी वाटते त्यांना ही शिक्षा भिववील असें मला खरोखर वाटत नाहीं. पोराच्या पाठीत धपाटा घालणाऱ्या आणि मग रात्रीं त्याच्या उशाशीं बसून राहणाऱ्या मावशीला कोणता न्यायाधीश तुरुंगांत घालणार आहे? कायद्यांतही सद्भावनेनें केलेल्या कृत्यांना पूर्वींपासून जागा आहे. संतापाच्या भरांत माणसाचा हात सुटतो हें मी जाणतों. माझाही सुटलेला आहे. पण पत्रांत जें ‘हात सुटला’ म्हटलें होतें त्याच्याशीं मुलीच्या अंगावरच्या खुणा जुळत नव्हत्या. हात सुटतो, उलथणें तापवावें लागतें. तें विस्तवावर ठेवावें लागतें, त्याची वाट पाहावी लागते, आणि तेवढ्या वेळांत दहा वर्षांची पोरगी समोर उभी असते. या वाट पाहण्याला राग म्हणतां येईल काय?

येथें मला माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावी कीं नाहीं याचाही मी विचार केला. साताऱ्यास आम्ही ज्या वाड्यांत राहत होतों तेथें शेजारच्या बिऱ्हाडीं एक मुलगा मामाकडे आश्रित म्हणून राहत असे. तो माझ्याच वर्गांत होता. सकाळीं पाणी भरणें, दळण आणणें, धाकट्या मामेभावंडांना शाळेंत पोहोंचविणें हें सारें करून तो शाळेंत येई, आणि उशीर झाला म्हणून तेथें पुन्हां छडी खाई. सर्वांचें जेवण झाल्यावर तो जेवे, जिन्याखालीं निजे. एकदां आम्ही अजिंक्यताऱ्यावर गेलों असतां त्यानें सदऱ्याची बाही वर केली, आणि मला कोपराच्या वर तीन काळे पट्टे दिसले. मीं विचारलें. ‘पडलों,’ तो म्हणाला. आणि लगेच, कोणीं न विचारतां, ‘मामी चांगल्या आहेत,’ असें म्हणाला. घरीं येऊन मीं आईला सांगितलें. आई फार मऊ मनाची. तिच्या डोळ्यांत पाणी आलें. पण ती म्हणाली, ‘आपण काय बोलणार बाबा? त्यांनीं ठेवलें म्हणून तरी पोर जगलें.’ वडिलांनीं दुसऱ्याच्या घरांत नाक खुपसूं नये असें बजावलें. पुढच्या वर्षीं तो मुलगा शाळेंत दिसला नाहीं. कोठें गेला हें वाड्यांत कोणीं विचारलें नाहीं; मींही विचारलें नाहीं. मामींना सारा वाडा पुण्यवान् म्हणत असे, आणि त्या वारल्या तेव्हां तसेंच बोलला.

‘त्यांनीं ठेवलें म्हणून तरी पोर जगलें.’ हें वाक्य आणि माझ्यापुढें आलेलें पत्र यांत मला फारसा फरक दिसेना.

आपल्याकडे पालन करणाराला जो मान आहे तो मोठा आहे, आणि योग्यच आहे. कर्ण आपल्याला राधेय म्हणवी; कुंती दारांत आली तरी त्यानें तें नांव टाकलें नाहीं. कृष्णाला आपण देवकीचा म्हणतों त्याहून अधिक वेळां यशोदेचा म्हणतों. शकुंतला कण्वाची ती कण्वाचीच. याच परंपरेंत गेल्या शतकांतील थोर माणसें बसतात. साताऱ्याच्या कटगुणचें मूळ सांगणारे जोतीराव आणि नायगांवच्या सावित्रीबाई यांनीं १८६३ सालीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, आणि तेथें जन्मलेल्या यशवंताला पुढें आपलें नांव दिलें. पंढरपुरास १८७५ सालीं टाकलेल्या मुलांसाठीं आश्रम निघाला. १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यांत सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह उघडलें, आणि मुलांच्या जेवणासाठीं लक्ष्मीबाईंनीं एकेक करून अंगावरचे दागिने व शेवटीं मंगळसूत्रही मोडलें. आमच्या जिल्ह्यांत ही कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. (जिल्हा एकच म्हणायचा, १९४९ सालीं दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० सालीं त्याला सांगली नांव पडलें, पण माणसें तींच.)

परंतु या अभिमानाची एक बाजू आम्हीं कधीं पाहिली नाहीं. लक्ष्मीबाईंनीं जें कमावलें त्यावर पुढें दुसऱ्यांना उधारी मिळूं लागली. दारावर ‘आश्रम’ अशी पाटी दिसली, चालकाच्या अंगावर खादी दिसली, कीं आम्ही हात जोडतों आणि आंत डोकावत नाहीं. मुलें रात्रीं कोठें निजतात, कोण त्यांच्या खोलीची किल्ली बाळगतो, रडलेंच तर तें कोणाला सांगायचें, हें विचारणें म्हणजे त्या पुण्याईवर संशय घेणें, असें आम्हांस वाटतें. वारणेच्या खोऱ्यांत, वाळवें तालुक्यांत, कुरळप गांव आहे. तेथील निवासी आश्रमशाळेच्या संस्थापकास २०१८ च्या सप्टेंबरांत अटक झाली. आश्रयास असलेल्या अल्पवयी मुलींवर त्यानें अत्याचार केले होते, आणि त्यांना वाचा फुटली ती एका निनावी पत्रानें. पुढें इस्लामपूरच्या न्यायालयानें त्याला जन्मठेप सुनावली, व त्याला साह्य करणाऱ्या स्त्री-कर्मचाऱ्यासही शिक्षा झाली. त्या निकालापेक्षां मला तें निनावी पत्रच अधिक आठवतें. ज्याच्या हजेरीपटावर आपलें नांव आहे, ज्याच्या स्वयंपाकघरांत आपलें ताट आहे, ज्याच्या सहीवर शाळेचा दाखला आहे, त्याच्याविरुद्ध लिहितांना नांव कसें घालावें? आम्ही त्या मुलींना खाल्ल्या मिठाला जागण्याचें शिक्षण दिलें होतें. तें त्यांनीं पाळलें, आणि तरीही पत्र लिहिलें.

मुंबईच्या अँकरेज आश्रयगृहांचा खटला याहून जुना. डंकन ग्रँट व ॲलन वॉटर्स या इंग्रजांनीं रस्त्यावरच्या मुलांसाठीं तीं चालविलीं होतीं. २००६ सालीं सत्र न्यायालयानें दोघांना सहा वर्षें सश्रम कारावास दिला. २००८ सालीं उच्च न्यायालयानें निर्दोष सोडलें. आणि १८ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मूळची शिक्षा पुन्हां कायम केली. इतकीं वर्षें मुलें त्याच छपराखालीं राहिलीं, तेंच अन्न जेवलीं, मग आतांच कां बोलतात, असा प्रश्न अशा प्रकरणांत नेहमीं विचारला जातो. त्याचें उत्तर प्रश्नांतच आहे : त्याच छपराखालीं राहत होतीं, म्हणून.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतींत कायद्यानें विश्वासघाताचें हें मोल अखेर ओळखलें. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलांत आलेल्या कायद्यांत, संस्थेचा चालक वा नोकर किंवा ज्याच्या भरंवशावर मूल आहे असा मनुष्य यांसाठीं गंभीर प्रकाराचें निराळें कलम आहे. त्याची किमान शिक्षा दहा वर्षें होती. २०१९ च्या ऑगस्टांत ती वीस झाली आणि वर फांशीही आली. कुरळपचे गुन्हे त्यापूर्वींचे, तेव्हां ही वाढीव शिक्षा त्यांना लावतां येत नव्हती. घटनेचें विसावें कलम तसें करूं देत नाहीं. पुष्कळांना हें रुचत नाहीं. मला रुचतें. विश्वासघाताबद्दल शिक्षा देणाऱ्या राज्यानें स्वतः तरी खेळ संपल्यावर नियम बदलूं नयेत.

फांशीविषयीं मात्र माझें मन साशंक आहे. पनवेलजवळ कळंबोली येथील मतिमंद मुलींच्या आश्रमाच्या चालकाला २०१३ सालीं मुंबईच्या सत्र न्यायालयानें फांशी सुनावली. उच्च न्यायालयांत ती टिकली नाहीं. त्या खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाहीं. पण घरांतल्या किंवा आश्रमांतल्या मुलाच्या साक्षीवर जेव्हां सर्व कांहीं अवलंबून असतें, तेव्हां शिक्षा जितकी भयंकर तितका त्या मुलाच्या छातीवरचा दगड जड होतो. ‘तुझ्यामुळें काकाला फांशी होईल,’ हें वाक्य सांगायला घरांत माणसें पुष्कळ असतात. कडक शिक्षा म्हणजे मोठी शिक्षा, असा आपला समज झाला आहे. मला तर वाटतें, शेजाऱ्यांना, शिक्षकांना, संस्थेच्या विश्वस्तांना, ज्यांना ठाऊक असून ते गप्प बसले त्यांना, कायद्यांत आजही जी सहा महिन्यांची वा वर्षाची शिक्षा लिहिलेली आहे, ती जरी नेमानें झाली तरी पुष्कळ मुलें वाचतील. ही शिक्षा लैंगिक गुन्हा दडविणाऱ्यांपुरतीच आहे, चटक्यांना ती लागू नाहीं. तशी असती तर आमचा साताऱ्याचा वाडा निम्मा रिकामा झाला असता.

आणि त्या मुलीचें काय? हा प्रश्न पत्रांत कोठेंच नव्हता. खटल्याच्या पहिल्या दिवसापासून ती बालगृहांत होती. शिक्षा दोन वर्षें झाली काय, तीन झाली काय, तिच्या दृष्टीनें एकच : घर गेलें. वाईट घर, पण तिला दुसरें माहीत नव्हतें. काकूंना शिक्षा झाल्यानें तिच्या अंगावरचे डाग जाणार नाहींत, हें गृहस्थ मला दोनदां म्हणाले होते. तें खरेंच आहे. परंतु काकूंना शिक्षा न झाली, किंवा ‘उपकारा’चा उल्लेख करून हलकी झाली, तर त्या डागांचा अर्थ बदलतो. मग ते भाड्याची पावती ठरतात : खाल्लेल्या भाकरीची किंमत, न्यायालयानें रास्त ठरवून दिलेली. तिला पुढचीं पन्नास वर्षें हा अर्थ घेऊन जगावयाचें आहे. शिक्षेनें तिचें भलें होवो न होवो. तिला झालें तो अन्याय होता, व्यवहार नव्हता, इतकें कोणींतरी अधिकारानें म्हणावें याचा तिला हक्क आहे, असें मला वाटलें. वय, प्रकृति, पूर्वीं कधीं गुन्हा नसणें, हीं कारणें दाखवून बाईंसाठीं दया मागतां येईल, आणि मीही मागेन. उपकार दाखवून मागतां येणार नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मीं स्वतःच्या हातानें चार ओळी लिहिल्या. बाईंना मी बावीस वर्षें ओळखतों. त्यांचें वय व प्रकृतीची स्थिति अमुक आहे. त्यांच्या घरीं मी चारपांच वेळां जेवलों आहें. त्या वेळीं पाण्याचे तांबे आणून ठेवणारी एक लहान मुलगी मीं पाहिली होती. तिच्याशीं मी एकदांही बोललों नाहीं. खालीं सही केली.

गृहस्थांनीं तें उभ्या उभ्याच वाचलें. रागावले नाहींत, थकल्यासारखे दिसले. ‘हें न्यायालयांत देऊन काय उपयोग?’ म्हणाले. मग जातां जातां दारांत थांबून त्यांनीं एक गोष्ट सांगितली. मुलीची साक्ष घेण्यापूर्वीं, तिला समज आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं न्यायाधीशांनीं तिला साधे प्रश्न विचारले होते : नांव काय, इयत्ता कोणती, शाळेला कशी जातेस, असे. शेवटीं तिच्या दोन घट्ट वेण्यांकडे पाहून त्यांनीं विचारलें, वेणी घालायला कोणीं शिकविलें? ‘काकूंनीं,’ ती म्हणाली.

‘पाहा, पोरीनें आपल्या तोंडानें सांगितलें,’ गृहस्थ म्हणाले, ‘निदान एवढें तरी तुम्ही पत्रांत घालायला हवें होतें.’